कॉक बंद धर म्हणालो

कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाई म्हणं! मग मी बोलतोय व्हय गं? सख्खी भाची तू, इंजिनेर झालीस म्हणून चारचौघांत मामाची आब्रू...

ऱ्हाऊ दे. ती गेली पुण्याला. बाळू, तू चहा घे आन ऐक. लय मोठा घोळ घातलाय मी.

नदीवरनं आमा दोघा भावांची एकच पायपलाईन. आधी माझं रान, टोकाला धाकट्याचं. पाळी त्याची, पर त्याच्या रानात पाणी धड पोचंना! उसाची लागण वाळाय लागली. पायपात गाळ बसलाय म्हणला धाकटा, उकरू समदी लाईन!

भाची म्हणाली, "मामा, उकरू नका. मी पायपातलं पाणी कॉम्प्युटरवर चालवून बघते. सुरवातीला काय आन टोकांना काय, तेवढं खरं सांगा. मधलं ते काढतंय."

"मोटार धा हॉर्सची. जोर लय!"

"पायपाच्या कडेला चिकटलेलं पाणी हलत नाही, असं धरायचं."

"वाहत्या पायपात हुबं पाणी? का, सरकारी नोकरीला लागलंय?"

धाकटा बी हसला.

"आन मामा, तुमच्या रानात पाणी सोडायचा कॉक?"

धाकटा म्होरंच बसलेला! "बंद," म्हणालो. "बंदच धर."

आरं, पाळी नसताना आपला कॉक उघडा हाय म्हणणारा एक गडी दाव मला ह्या शिवारात!

तिनं बटणं दाबली. कॉम्प्युटरात टोकाला पाणी धो धो! धाकटा म्हणला, "मग खरं पाणी जातंय कुठं, दादा?"

पोरीनं परत कायतरी दाबलं. "मामा, तुमचा कॉक अर्धा उघडा धरला की धार करंगळीएवढी येते. धाकट्या मामाच्या रानात येते तेवढीच."

माझं टकुरं फिरलं! "उचल ते खोकं! चला रानात! दावतोच तुमाला!"

म्होरं मी, मागनं धाकटा, भाची, निम्मी गल्ली. रागात माणसाला ध्यान ऱ्हातंय का, सकाळी आपणच काय करून आलोय?

बांधावर गेलो. समद्या शिवारात फुफाटा, आन माझ्या उसात गुडघाभर पाणी! वर बगळे!

"पाऊस झाला आसंल," म्हणालो.

"तुमच्याच रानावर व्हय, दादा?"

वाकला, कॉक बंद केला, गेला. तवापास्नं बोलत न्हाई. त्याचा ऊस वाळला, माझा कुजला. इंजिनेर न्हाई लागत बघायला.

आता पाळी माझी हाय. ही मोटारीच्या पेटीची किल्ली घे, त्याला दे. मी जाणार न्हाई. चहा ऱ्हाऊ दे, ऊठ.