असं-करा साहेब

धर्मपाल तायडे यांच्या कार्डावर ‘जिनिंग-प्रेसिंग सल्लागार, अकोला’ एवढंच छापलेलं आहे. पण अकोल्यापासून अमरावतीपर्यंत कापसातली सरकी काढून रुईच्या गठाणी बांधणारे जितके म्हणून जिन आहेत, तिथे त्यांना सगळे ‘असं-करा साहेब’ म्हणतात. समोरचा माणूस अडचण सांगू लागला की तो अर्ध्यावर यायच्या आत साहेब हात वर करतात आणि म्हणतात, “समजलं. आता असं करा.” बरं, तसं केलं की बहुतेक वेळा काम होऊनही जातं, मग माणूस बोलणार काय? रुईत कचरा येतो, रोलर तापतो, प्रेस मध्येच बसतो, मजूर टिकत नाहीत, सगळ्यावर त्यांच्याकडे तोड तयार. या कामात त्यांचा हात धरणारा अख्ख्या वऱ्हाडात कोणी नाही, हे त्यांच्यावर जळणारेसुद्धा कबूल करतात.

आता एवढा गुण अंगात असला, तर तो काही चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. त्यांची बायको पौर्णिमा अकोल्यातच शाळेत शिकवते. एकदा ती घरी येऊन म्हणाली की नवे मुख्याध्यापक आज सगळ्यांसमोर फार लागट बोलले. झालं! साहेबांनी बदलीचा अर्ज कोणाकडे आणि कसा द्यायचा, ते चहा निवायच्या आत सांगून टाकलं. तिला बदली नकोच होती हो, घटकाभर कुरकुर करायची होती. हॉटेलात गेलं तर कोणी काय खायचं हा प्रश्नही साहेब कोणाला पडू देत नाहीत. खुर्चीला पाठ टेकायच्या आत वेटरला सांगून मोकळे, “सगळ्याले आलूबोंडा, वरून तर्री.” तेवढाच वेळ वाचतो, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना एकच मुलगा, स्वप्निल. इंजिनिअर झाला आणि राज्यसेवेच्या परीक्षेसाठी अमरावतीला गाडगेनगरात खोली घेऊन राहिला. ती परीक्षा कशी असते ते ज्याच्या घरात कोणी देतो त्यालाच माहीत. पोरगा दरवेळी थोडक्यात राहायचा, आणि दरवेळी साहेबांचा उपाय यायचा. एकदा क्लास बदलला, एकदा खोली बदलली, एकदा विषय बदलला. मागच्या वर्षी तर साहेब स्वतः अमरावतीला जाऊन त्याच्या पलंगासमोरच्या भिंतीवर दिवसाचं वेळापत्रक चिकटवून आले. पोरगा ते बघत राहिला आणि म्हणाला, “हो बाबा.” तो नेहमी तेवढंच म्हणायचा, आणि साहेबांना वाटायचं की पोरगं समजदार आहे.

डिसेंबरातली गोष्ट. जिनांचा ऐन हंगाम. सकाळीच दर्यापूरहून कुलदीपभाऊ या जिनमालकाचा फोन आला की गोदामात जळका वास येऊन राहिला, साहेब, लवकर या. साहेब गाडी काढून निघाले. पोचले तेव्हा गोदामात सगळी धावपळ चालली होती. मजूर बादल्या भरून उभे होते, आणि प्रेसवरचा देवराव रुईच्या गठाणीवरची लोखंडी पट्टी कापायला कात्री लावून बसला होता. साहेब गाडीतून उतरता उतरताच ओरडले, “कापू नको! कात्री ठेव खाली.”

कापसातून एखादा खडा येतो, तो मशीनमध्ये घासतो, ठिणगी पडते. ती ठिणगी रुईत लपून प्रेसमध्ये जाते आणि गच्च दाबलेल्या गठाणीच्या पोटात धुमसत राहते. वरून काही दिसत नाही, नुसता वास येतो. अशा वेळी घाबरून पट्टी कापली की आत हवा शिरते, आणि डोळ्यांदेखत भडका उडतो. शेजारी गठाणींची छतापर्यंत रास लागलेली असली तर मग बघायलाच नको.

साहेब राशीजवळ गेले. प्रत्येक गठाणीला हाताची मागची बाजू लावत, नाक जवळ नेत पुढे सरकले. एकीपाशी थांबले. तीच होती. ती अलगद काढून लांब मोकळ्या मैदानात नेऊन ठेवायला लावली. कुलदीपभाऊंचा जीव वरखाली होत होता. त्यांना ती लगेच उघडून चांगली रुई तरी वाचवायची होती. साहेबांनी साफ नाही म्हटलं. “आता असं करा. उघडू नका, पाणी मारू नका, काही करू नका. देवराव, तू फक्त तिच्याजवळ बसून राहा. नजर हलवू नको. तिले लागन तेवढा वेळ लागन.”

आणि ते दुसऱ्या गठाणी तपासायला वळले, तेवढ्यात स्वप्निलचा फोन आला.

“बाबा, निकाल लागला. याही वेळी गेलं.”

साहेबांचा एक हात गठाणीवर होता, मन सगळं त्या हातात. तरी उपाय आलाच, तो कधी थांबलाय? ते म्हणाले, समजलं, घाबरायचं काम नाही, आता असं कर, ही बॅच सोड, पुण्याला एक ओळखीचे अधिकारी आहेत, त्यांच्याकडे आठ-पंधरा दिवस राहून ये.

“बाबा, ऐकून तर घ्या.”

“ऐकलं ना बापू. तू रूमवरच थांब, मी संध्याकाळपर्यंत सगळं ठरवून तुले सांगतो.”

 पलीकडून “हो बाबा” ऐकू आलं आणि फोन बंद झाला. साहेबांनी फोन खिशात टाकला. एक काम मार्गी लागलं, असं त्यांना खरोखर वाटलं.

रास तपासून ते हात धूत होते, तेव्हा पौर्णिमाचा फोन आला. शाळेच्या व्हरांड्यातून बोलत होती, मागे पोरांचा गलका होता. सकाळी स्वप्निलनं तिला निकाल सांगितला होता. त्याचा आवाज तिला चांगला वाटला नव्हता. आई, आपण कोणाच्याच कामाचे नाही, असं काहीतरी तो बोलला होता. तिनं त्याला, बाबा दर्यापूरला गेलेत, त्यांच्याशी बोल म्हणून सांगितलं, आणि आता त्याचा फोनच लागत नव्हता.

“तुमी काय म्हणलं त्याले?”

साहेबांनी सांगितलं. बॅच, पुण्याचे अधिकारी, सगळं.

“आन् तो काय म्हणत होता?”

 साहेबांना आठवेना. पोरगा ‘ऐकून तर घ्या’ म्हणाला होता एवढं आठवत होतं, पण काय ऐकायचं होतं ते त्याला सांगूच दिलं नव्हतं.  मैदानात ती गठाण होती, तिच्याजवळ देवराव मांडी घालून बसला होता, आणि साहेब ओल्या हातांनी तसेच उभे होते.

पौर्णिमा म्हणाली, “तुमी जवळ आहात, तुमी जा. आन् तिथं गेल्यावर त्याले काही सांगू नका. तुमच्या पाया पडते.”

सत्तावीस वर्षांच्या संसारात ती असं कधी बोलली नव्हती. साहेबांनी कुलदीपभाऊंना काही न सांगता गाडी वळवली.

दर्यापूर-अमरावती रस्ता त्यांच्या पायाखालचा, पण त्या दिवशी तो सरेना. समोर कापसानं फुगलेले ट्रक, त्यांना ओलांडायला जागा नाही. साहेबांनी गाडी चालवता चालवता स्वप्निलचा रूममेट धम्मदीप याला फोन लावला. तो म्हणाला, “जय भीम काका,” आणि अडखळला. मग सांगितलं की स्वप्निल सगळी पुस्तकं बांधून माझ्या पलंगावर ठेवून गेला. सायकलची चावीही वर ठेवली आहे. आणि काका, भिंतीवरचा तो कागद काढून नीट घडी करून टेबलावर ठेवला आहे.

 कोणी आपल्या वस्तू अशा मागे ठेवून जातो तेव्हा त्याचा अर्थ काय, हे साहेबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खोलापूर मागे पडलं. डोकं मात्र त्यांचंच होतं, ते कामाला लागलं. घाबरलेलं पोर कुठे कुठे जाऊ शकतं? धम्मदीपला म्हणाले, तू वडाळी तलावावर जा. क्लासच्या सरांना फोन करून सांगितलं, कोणाला तरी छत्री तलावावर पाठवा. बडनेऱ्यात एक मिस्त्री ओळखीचा होता, त्याला रेल्वे स्टेशनवर उभं केलं. पोलीस ठाण्यात एक माणूस माहितीचा होता, त्याच्या कानावर घातलं. पाच-सात मिनिटांत त्यांनी अर्धी अमरावती कामाला लावली. एकही वाईट जागा त्यांनी सोडली नाही. आणि प्रत्येक फोन ठेवल्यावर त्यांना अजूनच भीती वाटायची, कारण फोन संपला की गाडीत ते एकटे असायचे आणि ‘ऐकून तर घ्या’ ऐकू यायचं.

वलगावला ट्रॅक्टर आडवा आला होता. गाड्या खोळंबल्या. साहेब हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते, ज्या ते कधी देत नाहीत. वैतागून त्यांनी डावीकडे बघितलं. एसटीच्या थांब्याच्या बाकावर एक पोरगा बसला होता, अंगात विटकरी स्वेटर. तो स्वेटर पौर्णिमानं विणलेला होता.

त्यांनी गाडी तिथेच रस्त्यात सोडली. मागचे लोक ओरडायला लागले, ते त्यांना ऐकूच आलं नाही. जवळ जाऊन ते उभे राहिले तेव्हा स्वप्निलनं वर बघितलं आणि त्याला नवल वाटलं. “तुमी इथं कसे?” त्यानं विचारलं.

“तू इथं काय करून राहिला?”

“तुमच्याकडेच येत होतो. दर्यापूरले. इथवर ऑटोनं आलो.” तो खाली बघत बोलत होता. “बसा येऊन राहिल्या आन् मी सोडून राहिलो.”

“काहून?”

“तुमी काय म्हणसान ते मले माईत होतं.”

साहेब बाकावर बसले. तलाव, स्टेशन, ठाणं, सगळीकडे माणसं पाठवली होती त्यांनी. पोरगा आपल्या बापाकडे निघाला असेल, ही जागा त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

थोड्या वेळानं उठून त्यांनी गाडी बाजूला लावली, धम्मदीपला आणि बाकीच्यांना फोन करून सापडला म्हणून सांगितलं. पौर्णिमाला म्हणाले, “आहे. माझ्याजवळ बसला आहे.” ती एवढंच म्हणाली, “बोलू नका.” मग ते परत बाकावर येऊन बसले, देवरावला बसवलं होतं तसे.

आणि बसणं किती अवघड असतं ते साहेबांना त्या दिवशी कळलं. एक बस आली, गेली. स्वप्निल बोलेना. साहेबांच्या जिभेवर सगळं तयार होतं. अकोल्यातल्या एका डाळमिलमध्ये इंजिनिअर हवा होता. नाहीतर कोणा जिनमध्ये चिकटवून देता आलं असतं. नाहीतर एक वर्ष नुसता आराम. एकेक उपाय वर येत होता आणि ते तो गिळत होते. त्यांनी बाकाची कड घट्ट धरून ठेवली.

“मले आता परीक्षा द्यायची नाई,” स्वप्निल म्हणाला.

साहेबांनी मान हलवली.

“सकाळी मले असं वाटून राहिलं होतं का आपण नसलो तरी चालते.” तो थांबला. “आता बी वाटते. थोडं थोडं.”

 अशा वेळी काय करायचं? आयुष्यभर लोकांनी साहेबांना विचारलं होतं आणि त्यांनी सांगितलं होतं. आज त्यांनी आत शोधलं तर काहीच नव्हतं.

“मले काई सुचून नाई राहिलं, बापू,” ते म्हणाले. “तू बोल. मी ऐकून राहिलो.”

स्वप्निलनं त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. बाबांना काही सुचत नाही, हे वाक्य त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. मग त्याचा बांध फुटला. तो रडत रडत बोलत राहिला, खोलीबद्दल, पहाटेच्या गजराबद्दल, त्या भिंतीवरच्या कागदाबद्दल, फोन वाजला की पोटात येणाऱ्या भीतीबद्दल. त्यातलं बरंचसं साहेबांच्याच विरुद्ध होतं. त्यांनी सगळं ऐकलं. दोनदा हात वर जायला निघाला, दोन्ही वेळा त्यांनी तो स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला. बोलता बोलता स्वप्निल म्हणाला की एखाद्या डॉक्टरशी बोलावं असं वाटते. साहेब म्हणाले, जाऊ, तू म्हणशीन तेव्हा.

उन्हं उतरली. स्वप्निलनं तोंड पुसलं आणि म्हणाला, भूक लागली. समोरच हॉटेल होतं, बाहेर कढई चढलेली. दोघं आत जाऊन बसले. वेटर आला, साहेबांचं बोट सवयीनं वर गेलं आणि तोंडही उघडलं, “दोन आलू...”

त्यांनी तोंड मिटलं. “तू काय खाशीन?”

स्वप्निल टेबलाकडे बघत होता. जरा वेळानं म्हणाला, “बाबा, मले आलूबोंडा आवडत नाई. लहानपणापासूनच नाई आवडत.”

इतकी वर्षं या पोरानं त्यांच्यासमोर बसून आलूबोंडे खाल्ले होते.  वेटर कंटाळून दुसऱ्या टेबलाकडे गेला.

“मंग काय आवडते?” त्यांनी विचारलं, आणि ते वाट बघत बसले.