मुळेच्या पाण्यावर अडलेली लाँच

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपार कलताना, मी आयुष्यात पहिल्यांदा लाँचमध्ये बसलो. आमच्या गावच्या ओढ्याला भर पावसाळ्यातही गुडघाभर पाणी नसे. त्यामुळे मुळा धरणाचा तो अफाट जलाशय पाहून मी लाँचची कड घट्ट धरली. दुष्काळात तळ दिसलेले धरण त्या वर्षी पुन्हा भरले होते. समोरचा काठ म्हणजे नुसती एक निळसर रेघ.

पाणी बघायला मात्र मी आलो नव्हतो. राहुरीजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू होऊन मला थोडेच दिवस झाले होते. सकाळी पलीकडच्या माळवाडीचा किसन नावाचा शेतकरी मच्छीमाराच्या होडीतून आला. त्याच्या हरण्या नावाच्या बैलाला घटसर्प झाला होता. या रोगात जनावराचा गळा सुजतो, श्वास कोंडतो आणि बहुधा दिवसाभरात सगळे आटोपते. वेळेवर इंजेक्शन मिळाले, तरच आशा. मी दुसऱ्या गावाहून परतेपर्यंत किसन दवाखान्याच्या पायरीवर बसून होता.

"हरण्याला दुस्काळात चारा-छावनीत जगवला, डाक्टर," काठाकडे चालताना तो म्हणाला. "घरदार सोडून त्याच्यापाशी झोपलो. आता कुठं हिरवं उगवलं, तं ह्यो असा." रब्बीची पेरणी तोंडावर होती, आणि पाभर (पेरणीचे अवजार) एका बैलाने ओढवत नाही.

लाँच म्हणजे पत्र्याचा एक लांबट हौदच. मध्ये डिझेल इंजिन, विहिरीवर असते तसेच. त्याला झेंडूची माळ होती. ज्या हत्यारावर पोट चालते त्याची पूजा आमच्याकडे दसऱ्याला होतेच. इथे तर इंजिन, टाकी, हँडल, सगळेच हळदीकुंकवाने माखले होते. पूजेनंतरची ही पहिलीच फेरी. चालक दगडूभाऊ, किसन, मी आणि लेकीकडून परतणारी छबूबाई नावाची म्हातारी, एवढेच आम्ही. छबूबाईंनी बसल्या बसल्या माझ्या हातावर दोन कडाकण्या (नवरात्रात देवीपुढे बांधायच्या कुरकुरीत पुऱ्या) ठेवल्या. दगडूभाऊंनी हँडल फिरवले, काळा धूर निघाला आणि काठ मागे सरकू लागला.

पाण्याच्या मध्यावर इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले.

"काय न्हाई, हवा धरली आसंल," दगडूभाऊ म्हणाले. त्यांनी टाकीचे झाकण उघडून काडी बुडवली. डिझेल निम्म्याच्या वर होते. झाकण लावून त्यांनी पान्याने नळीचा नट सैल केला. आधी बुडबुडे आले, मग स्वच्छ धार. नट आवळून हँडल मारताच इंजिन धडधडू लागले.

"आत्ता पोचतो बगा!"

थोडे अंतर गेलो आणि पुन्हा तेच. खोकला, झटका, शांतता.

तेवढ्यात वारा सुटला. लाँच तिरपी होऊन मागे सरकू लागली. धरणात बुडालेल्या बाभळींचे काळे शेंडे एका बाजूला पाण्याबाहेर आले होते, आम्ही तिकडेच चाललो होतो. दगडूभाऊंनी बांबू पाण्यात घातला; तळ लागेना.

"त्यात आडकलो तं पत्रा फाटंल," ते म्हणाले. आता त्यांच्या आवाजात मघाचा जोर नव्हता.

पुन्हा झाकण, पुन्हा काडी, पुन्हा नट. किसन हँडलला भिडला. हँडल उलटे फिरून त्याच्या मनगटावर बसले. त्याने हात झटकला आणि परत धरले. इंजिन सुरू झाले, आणि चार हात जाऊन विझले.

"दगडू, काल यवढा नारळ फोडलास न्हवं?" छबूबाई म्हणाल्या. "इंजनानं एकट्यानंच खाल्ला जनू."

"आज्जे, गप बस. न्हाई तं तुज्याच हातात हँडल दीन."

"दे की! सासूचं जातं वढलंय मी. तुज्या हँडलाची काय कथा?"

किसन हसला नाही. तो पागोटे सोडत होता. "डाक्टर, आवशीद माज्याकडं द्या. मी पवत जातो."

"अरे, ते शिरेत द्यावं लागतं. तुला जमायचं नाही."

"मंग हितं बसून काय करू? तिकडं त्याचा दम कोंडतोय!"

मी औषधाची पिशवी उगीच छातीशी धरून बसलो. शेंडे आता इतके जवळ आले होते की त्यांवर वाळलेले शेवाळ दिसत होते.

दगडूभाऊंनी तिसऱ्यांदा झाकण फिरवले, आणि 'फस्स' असा आवाज झाला. तो मघाशीही झाला होता. मीच लक्ष दिले नव्हते. झाकण उघडले की इंजिन चालते. लावले की थोड्या वेळाने मरते. मला एकदम सलाईनची बाटली आठवली. तिच्या बुचात हवेसाठी दुसरी सुई खुपसावी लागते. नाहीतर बाटली भरलेली असूनही थेंब पडत नाही.

"दगडूभाऊ, टाकीत हवा जायला कुठं वाट आहे का?"

"हाय की. झाकनालाच बारीक भोक..." ते बोलता बोलता थांबले. झाकणावर हळदकुंकवाचा जाड थर वाळून दगडासारखा झाला होता. "आमच्या मंडळींनी काल लई मन लावून पुजलं," ते हळूच म्हणाले.

छबूबाईंनी बटव्यातून दातकोरणे काढून दिले. दगडूभाऊंनी आधी झाकणाला हात जोडले, मगच भोक कोरले. निघालेली कुंकवाची पूड त्यांनी पाण्यात टाकली नाही, कपाळाला लावली. एक फांदी पत्र्यावर करकरत घासून गेली, तेव्हाच इंजिनाने धूर सोडला.

त्यानंतर थेट पलीकडच्या काठापर्यंत इंजिन थांबले नाही. आम्ही चौघेही नुसता तो आवाज ऐकत होतो.

किसन लाँच टेकायच्या आतच उडी मारून पळाला. मी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. हरण्या मान ताणून उभा होता, जीभ बाहेर. त्याची घरघर अंगणाबाहेर ऐकू येत होती. किसनची बायको पार्वती गरम विटेने त्याचा गळा शेकत होती. किसनने शिंगे धरली. पहिल्यांदा माझी सुई चुकली. दुसऱ्यांदा शीर सापडली.

रात्री मी त्यांच्या अंगणातच कलंडलो; पहाटे त्या दोघांच्या कुजबुजीने मला जाग आली. "बग, बग, रवंथ करतोय," पार्वती म्हणत होती. गळ्याची सूज अजून होती, पण जबडा संथपणे हलत होता.

मी पदवीधर झालो तेव्हा गावाने देवळापुढे सत्कार केला होता. आमच्या घरात तोवर कोणी शाळेची शेवटची इयत्ता पाहिली नव्हती. वडील त्या दिवशी रडले. मला मात्र आतून संकोच वाटत होता, कारण मी अजून कोणाचे काहीच केले नव्हते. त्या गावाचे, मला शिकवणाऱ्या गुरुजनांचे ऋण थोडे फेडता येईल, असे मला परतीच्या लाँचमध्ये बसताना पहिल्यांदा वाटले.

लाँच काठापासून सुटली होती. एवढ्यात पार्वती धावत उतारावर आली.

"डाक्टर! त्याला हिरवं घालू का?"

"घाला!" मी इंजिनाच्या वर आवाज चढवून ओरडलो. "थोडं थोडं घाला!"

ती मागे वळली, आणि थेट बांधावरच्या गवताकडे गेली.