जबाबदार व्यक्ती

मोर्चा काढायचा तर आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो. मार्ग, वेळ, कर्णे, सगळं लिहायला दहाजण पुढे असतात. शेवटी एक रकाना येतो, 'जबाबदार व्यक्ती'. कुठे काही मोडलं-फुटलं तर पोलीस तिलाच धरणार. तिथवर आलं की एकेकाला घरची कामं आठवतात. मग सगळे माझ्या काकांच्या शिलाईच्या दुकानात यायचे. मागणी पटली की काका मशीन थांबवून सही करायचे आणि मोर्चाच्या दिवशी सगळ्यात शेवटी, पडलेल्या चपला गोळा करत चालायचे.

"स्वतःच्या शर्टाला बटण नाही आणि निघालेत लष्कराच्या भाकऱ्या भाजायला," काकू म्हणायची. काकांना कसली फिकीरच नाही, असं तिचं पक्कं मत होतं.

मागे एका मोर्चात कुणीतरी दगड मारून रस्त्यातल्या एका दुकानाची काच फोडली. फोटोत पुढे पुढे करणाऱ्यांचे फोन लगेच बंद. काका आपणहून ठाण्यात गेले.

"दगड कुणी मारला?"

"माहीत नाही, साहेब. पण सही माझी आहे."

त्यांना दिवसभर बसवून ठेवलं आणि वर्षभर तुमच्या सहीवर परवानगी मिळणार नाही, असं बजावून सोडलं. त्या फोनवाल्यांचा मला अजून राग येतो.

त्याच वर्षी आमच्या भागातलं प्रसूतिगृह बंद होणार असल्याची बातमी आली. दुसरं थेट नदीपलीकडे. कळा देणाऱ्या बाईने तिथवर पोचायचं कसं? बायका काकांच्या दुकानात जमल्या. अर्ज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता आणि शेवटचा रकाना रिकामा. कुणाच्या नवऱ्याची सरकारी नोकरी, कुणाचा मुलगा पोलीस भरतीला बसलेला. त्यांचंही खोटं नव्हतं.

काकू चहा घेऊन आली होती. तिची दोन्ही बाळंतपणं त्याच प्रसूतिगृहातली. तिने ट्रे कापडाच्या ढिगावर ठेवला. "द्या इकडे."

"अगं, तू?" काका म्हणाले.

"का, मला सही येत नाही?"

मोर्चा निघाला. काकू सगळ्यात शेवटी, काकांच्या शेजारी. कुणी जोरात ओरडलं तरी ती दचकत होती.

"भीती वाटतेय?" काकांनी विचारलं.

"वाटतेय. तुम्हाला कधी वाटायची?"

"दर वेळी."

काकू चालता चालता थांबली. "मग कधी बोलला का नाहीत?"

काकांनी वाकून कुणाची तरी चप्पल उचलली. "तू सही करू दिली नसतीस."

काकूने ती चप्पल त्यांच्या हातातून घेतली आणि भर रस्त्यात त्यांचा हात धरला.