अडीच मात्रांची सात घरं

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी नारायणराव धर्माधिकारींच्या खात्यात आठ हजार चारशे रुपये जमा झाले. चोवीस पानं, पानाला साडेतीनशे. पाठवणारे अनिमेष पुण्यात पियानो वाजवत. रविवारी त्यांचा कार्यक्रम होता. आजच्या अकरा संगीतकारांनी एकट्या पियानोसाठी नव्याने लिहिलेले वॉल्ट्झ ते वाजवणार होते आणि त्याच दिवशी या वॉल्ट्झचं पुस्तकही निघणार होतं. हाताने लिहिलेल्या त्या सगळ्या रचना नगरजवळच्या केडगावच्या घरी बसून संगणकावर उतरवून दिल्या होत्या नारायणरावांनी.

एकतीस वर्षं बँकेत तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला हे कसं येतं, असं लोक विचारत. लहानपणी शाळेत प्रार्थनेला पियानो वाजवणाऱ्या बाई त्यांना पानं उलटायला शेजारी बसवत. पान कधी उलटायचं ते कळावं म्हणून त्यांनी स्वरलिपी वाचायला शिकवली. वाजवायचं मात्र राहूनच गेलं.

वॉल्ट्झ म्हणजे तीन मात्रांचा नाच. पहिली जोराची, पुढच्या दोन हलक्या. या अकरा जणांनी त्याची पार मोडतोड केली होती. एकाने तो इतका संथ केला होता की उचललेला पाय खाली येईपर्यंत चहा पिऊन व्हावा. एकाने पहिली मात्रा दडवूनच ठेवली होती. नारायणरावांना मौज वाटे, पण आपण फक्त उतरवून द्यायचं, जसंच्या तसं. निदान त्यांची तशी समजूत होती.

दुपारी दोनला अनिमेषकडून एक मजकूर आला. प्रत्येकाने आपल्या रचनेविषयी लिहिलेल्या ओळी होत्या. कार्यक्रमपत्रिकेसाठी शुद्धलेखन तेवढं पाहायचं होतं. कोपरगावच्या मनवाने लिहिलं होतं, ‘यात सात ठिकाणी नाचणारी अर्धी मात्रा आधीच पाय उचलते. ती सात ठिकाणं म्हणजेच हा वॉल्ट्झ. बाकी सगळं त्यांची वाट पाहणं.’ मनवा तेवीस वर्षांची होती. तिचं हे पहिलंच छापील काम.

नारायणरावांनी ती ओळ पुन्हा वाचली. त्यांनी तिचा मूळ कागद काढला. दोन उभ्या रेघांमधल्या जागेला ते घर म्हणत. सात घरांत प्रत्येकी अडीचच मात्रा होत्या. त्यांच्या प्रतीत मात्र प्रत्येक घर तीन मात्रांनी भरलेलं. सातही ठिकाणी अर्ध्या मात्रेची विश्रांती, म्हणजे थांबण्याची खूण, सुबक बसवलेली. घर अपुरं राहिलं की संगणक तांबडं दाखवतो. तांबडं दिसलं की हाताने बेरीज जुळवून टाकली होती. केव्हा, हेही आठवेना.

“अहो, तोंड असं का झालंय?” त्यांच्या पत्नी लीनाताईंनी विचारलं.

त्यांनी सांगितलं.

“अर्धी मात्रा? बँकेत पाच पैशांचा फरक लागेना म्हणून मला सिनेमाच्या दारात उभी ठेवली होतीत. सवय जाते कुठे! आता बसून काय राहिलात, छापखान्यात फोन करा.”

पुस्तक छापणारा छापखाना नगरातच, दाळमंडईमागे होता. मालक हनुमंत म्हणाले, “काका, सकाळीच चढवलंय मशीनवर. निम्मं उतरलं. का वो?”

“थांबवा जरा.”

“थांबवतो, पर चारपर्यंत. पुढं लग्नपत्रिका हायेत. पोरीचा बाप इथंच खुर्ची टाकून बसलाय.”

पण आपल्या मनाने बदलणं म्हणजे पुन्हा तेच. शिवाय मनवाने छपाईआधीची प्रत पाहून होकार कळवला होता. नारायणरावांनी तिला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तीन वाजत आले. तिसऱ्यांदा तिने उचलला.

“मनवाताई, ती सात घरं मी भरून टाकली. तुमच्या पाहण्यात आलं नाही का?”

“आलं होतं काका. सातही. मला वाटलं, एवढ्या अनुभवी माणसाला ते चुकीचं वाटलं, म्हणजे माझंच चुकलं असणार.”

बँकेत नारायणरावांच्या तांबड्या खुणेपुढे कुणी बोलत नसे, याचा त्यांना अभिमान होता.

“तुम्ही अनिमेषना विचारायचं होतंत,” ते म्हणाले.

“विचारणार होते. मग भरलेलं वाजवून पाहिलं. बरं वाटत होतं ऐकायला.”

“बरं वाटणारच. बेरीज जुळलेली कुणालाही बरी वाटते. मला वाजवता येत नाही, मनवाताई. मी फक्त मोजतो. चूक माझी आहे. तुम्ही सांगा, मी भरलेलं काढू का?”

“पुन्हा छापायला लागेल ना? अनिमेषसर चिडतील.”

“त्यांना मी सांगतो. तुम्ही सांगा.”

घड्याळात सव्वातीन झाले. पलीकडे पियानोचे चार-पाच सूर वाजले, मध्येच तुटले, पुन्हा वाजले.

“काढा काका,” ती म्हणाली. “सातही काढा.”

वीस मिनिटांत घरं मोकळी झाली. संगणक तांबडं दाखवत राहिला. काय झालं ते लिहून त्यांनी नवी प्रत अनिमेषना पाठवली, तीच पेनड्राइव्हवर घेतली आणि सगळे कागद पिशवीत टाकून स्कूटरने निघाले. उड्डाणपुलावर वाहनं तुंबली होती. पोचले तेव्हा चारला सहा मिनिटं कमी होती.

खुर्चीतल्या गृहस्थाची हनुमंतांनी समजूत काढली, “पावणं, अर्धा तास. च्या सांगतो.” मग नारायणरावांना म्हणाले, “मनवाताईंचा तेवढाच कागद फिरून काढतो. दोनशे प्रती. मागचे रद्दीत.”

यंत्र सुरू झालं. नारायणराव बाकावर उरलेल्या दहा रचना मांडीवर घेऊन बसले आणि मूळ कागदाशी घर न् घर ताडून पाहू लागले. आणखी कुठे आपला हात चालला असेल तर? सहा रचना झाल्या. काही सापडलं नाही. सातवी घेण्याऐवजी त्यांनी पहिलीपासून पुन्हा सुरुवात केली.

“काका, झालं,” हनुमंत म्हणाले. “कागद न् छपाई धरून सोळाशे चाळीस.”

नारायणरावांच्या पाकिटात पंधराशे होते. फोनवरून ते पैसे देत नसत. त्यांनी पंधराशे दिले.

हनुमंतांचं एकशे चाळीस रुपयांचं येणं नारायणरावांकडे अजून बाकी आहे.