न हलणारा आकडा

गाडीचं दुखणं दाखवणारा स्कॅनर नवा होता तेव्हा मी कुणाचीच गाडी सोडत नसे. घुग्घुसच्या रस्त्यावर आमचं गॅरेज, मागे घर. त्या सकाळी धाकटी बहीण तान्हं लेकरू घेऊन सासरी निघायची होती, आलापल्लीच्या पुढे. जवाईबापू आदल्या दिवशीच स्वतःची जीप घेऊन आले होते. आई आत ओटी भरत होती. म्हटलं, तोवर जावयाच्या जीपचं पोट तपासू.

स्टिअरिंगखाली वायर जोडून इंजिन चालू केलं. पडद्यावर आकडे नाचायला लागले. इंजिनाचे फेरे, डिझेलचा दाब, आत जाणारी हवा, सगळं वरखाली. चालू इंजिनाचे आकडे कधी स्वस्थ बसत नाहीत. एकच बसला होता. पाण्याचं तापमान, ब्याऐंशी. मी बोनेटवर हात ठेवला. रात्रभर उभी गाडी, लोखंड थंडगार.

बोनेट उघडलं. तापमानाच्या सेन्सरचा प्लग काढून त्यात इवलासा रेझिस्टर खुपसला होता, म्हणजे इंजिन पेटलं तरी कॉम्प्युटरला ब्याऐंशीच दिसणार. जंगलाकडचे ड्रायव्हर असली कलाकारी करतात हे ऐकून होतो. मी तो तुकडा उपटला, प्लग जागेवर लावला. आकडा खाली आला आणि चढू लागला. पन्नास, नव्वद, उभ्या उभ्या एकशे आठ. डॅशबोर्डवर लाल दिवा पेटला. वर्षभर कच्च्या रस्त्यांवर सवाऱ्या वाहून रेडिएटर धुळीनं गच्च झाला होता.

"जवाईबापू, हे काय करून ठेवलं? लेकरू नेऊन राह्यले ना तुमी याच्यात!"

ते हसले. "लाल दिवा दिसला का सवाऱ्या उतरतेत, भाऊ. अन दिवा लागला का गाडी आपोआप हळू होते. त्या जंगलात थांबते का कोनी?"

"रेडिएटर काढून धुतो. सांजलोक थांबा."

"आलापल्लीले सवाऱ्या वाट पाहून राह्यल्या."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, सवाऱ्या गेल्या खड्ड्यात! तशी आई बाहेर आली. "जवायाले असं बोलतेत काय रे? काई लाज?" आमच्याकडे जावयाला वर आवाज करून कोणी बोलत नाही, तो चुकला तरी. त्यांनी माझ्या हातातला तुकडा घेतला आणि पुन्हा बसवला. लाल दिवा विझला.

बहीण मागच्या सीटवर येऊन बसली होती. तिनं सगळं पाहिलं होतं. "दिवा बुजला," ती म्हणाली, "पर इंजिन त गरमच हाये ना?" ती लेकरू घेऊन उतरली.

आई पुढे धावली. "ओटी भरल्यावर मागं फिरत नसतेत, बाई. अपशकुन असते."

"असू दे," ती म्हणाली. थोडा वेळ इंजिन निवू देऊन जवाईबापू रागारागात एकटेच निघाले. जाताना मागे वळूनही पाहिलं नाही. मला त्यांचा संताप आला होता आणि भीतीही वाटत होती. दिवसभर एका पान्याला धड हात लागला नाही.

दुपार टळताना शेजारच्या पीसीओवाल्यानं हाक मारली, फोन होता. आष्टीच्या पुढच्या जंगलातून जाणारा एक ट्रकवाला जवाईबापूंना गावात घेऊन आला होता, तिथून बोलत होता. जीप उकळून बंद पडली होती. त्या रस्त्यावर उभं राहायची भीती, म्हणून निवायची वाट न बघता जवाईबापूंनी रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी सगळं तोंडावर आलं.

"जित्ते हायेत," ट्रकवाला म्हणाला. "पर मी गेलो तवा डोये मिटून मागची सीट चाचपत होते. लेकरू कुठी गेलं, लेकरू कुठी गेलं, एवढंच. सांगतलं, गाडीत कोनी नाई, त ऐकूनच नाई राह्यले. आताबी तेच लावलं हाये."

बहीण माझ्या शेजारी उभी होती, लेकरू तिच्या खांद्यावर झोपलेलं. तिनं माझ्या हातून फोन ओढून घेतला.

"त्यायले सांगा," ती ओरडली, "लेकरू माह्यापाशी हाये!"