पऱ्हाटीची काडी

हात थरथरतो हे गावाला दिसतं. मन उठत नाही, हे कोणाला दाखवू? कंपवात झाल्यापासून बोरी अरबच्या आमच्या घरी देवापुढे दिवा लावणं मी सोडलं होतं. देवावर राग नव्हता हो, रुसवाही नव्हता. नुसतं वाटेनासं झालं. बायको म्हणायची, "अवो, कायले मुर्द्यावानी बसून राह्यले? ढोंग पुरे आता." डॉक्टर म्हणाले, हा आळस नाही, हा रोगच उमेद खातो. ते तिलाही पटलं नाही आणि खरं म्हणजे मलाही नाही.

गेल्या माघात ती अंगणात घसरून पडली. "अवो, या ना! मले उठता येत नाही!" मी दारापर्यंत गेलो आणि उंबरठ्याशी पाय खिळले. कंपवाताच्या गोळीचा अंमल उतरला की दारातच असं होतं. पण लाज वाटते तरी सांगतो, तिची हाक ऐकून मला घाईच झाली नाही. चाळीस वर्षांची सोबत समोर कण्हत होती आणि माझ्या आत सारं थंड. आग लागो असल्या जिण्याला! एवढंच म्हणालो, "मारुतीराया, माझ्याच्यानं होत नाही. आता तूच पाहा."

रस्त्यानं सरपणाची मोळी घेऊन तांड्यावरची एक बाई चालली होती. ओळख ना पाळख. हाक ऐकून ती आत आली. गाडी आणायला हवी होती, पण बायको तिचा हात सोडेना. बाईनं माझ्याकडे पाहिलं, मोळीतून पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्या उपसल्या आणि दारापासून बायकोपर्यंत आडव्या टाकल्या. "बाबाजी, चालाचं मनात आणू नका. फक्त काडी ओलांडा. माह्या सासऱ्याचं असंच होते." पाय उचलला गेला! चार काड्या ओलांडून मी बायकोपाशी बसलो, तिचा हात धरला, आणि बाई गाडी आणायला पळाली. रडू आलं ते तिथं पोचल्यावर, आधी नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ती आता बाजेवरच असते. माझं दुखणं वाढतंच आहे, उमेदही परतली नाही. ती बाई पुन्हा दिसली नाही. मनातल्या मनात तिच्या पाया पडतो. देवघरापर्यंत चुन्याच्या सात रेघा ओढून घेतल्या आहेत, त्यांना आम्ही काड्याच म्हणतो. आधी भाव यावा, मग पाय उचलावा, असं मी समजत होतो. आता भावाची वाट पाहत नाही. तो देणं मारुतीरायाकडे.

रोज सकाळी मी दारात अडतो. बाजेवरून बायको म्हणते, "अवो, काडी पाहा." ढोंग म्हणत नाही आता. मी ओलांडतो, आणि दिवा लागतो.