हिरव्या बाईला गोरी करताना

सबमिशन तोंडावर आलेलं आणि माझ्या चित्रातल्या बाईचा चेहरा अजून हिरवागार होता.

बाई इटलीची, पाचशे वर्षांपूर्वीची. आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षी एका जुन्या चित्राची ऑइलमध्ये हुबेहूब नक्कल करायची होती. त्या काळचे काही चित्रकार कातडीखाली आधी हिरवट थर द्यायचे. तो सुकला की वरून गुलाबी, अगदी पातळ. सावल्यांमधून हिरवा किंचित दिसत राहतो, म्हणून कातडी खरी वाटते. हे मला पाठ होतं. विठ्ठलवाडीतल्या आमच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांना नव्हतं.

शेजारच्या काकू "जयभीम" म्हणत आत आल्या आणि दारातच थबकल्या. "अगं, ही विष प्यायली काय?"

"काकू, हा खालचा रंग आहे. वर अजून लावायचाय."

"मग कर ना पटकन गोरी. नाकीडोळी चांगली आहे पोरगी."

आईनेही री ओढली. "फॉरेनची ना ती? गोरीच पाहिजे."

मी सावळी. 'जरा गोरी असती तर' हे लहानपणापासून ऐकलेलं. राग आला, तरी ब्रश उचलला आणि चेहऱ्यावर गुलाबी थापला. दोघी खूश. मी कॉलेजच्या सरांना फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"ही टूथपेस्टच्या जाहिरातीतली कोण? हिरवा कुठे गेला?"

"सर, खाली आहे."

"खाली असून काय उपयोग? असंच आणलंस तर नापास करीन."

नापास म्हणजे वर्ष गेलं. आणि बाबांनी आधीच सांगून ठेवलेलं, वर्ष गेलं तर कॉलेज बंद, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पॅकिंगला जायचं.

वरचा रंग ओला होता, खालचा खडखडीत सुकलेला. बाबांच्या जुन्या बनियनच्या फडक्यावर थोडं टर्पेंटाइन घेतलं आणि पुसायला लागले.

"अगं, चांगली झालेली ती!" आई ओरडली.

गालावर, कपाळावर हात हलका ठेवला, तिथे गुलाबी राहिला. डोळ्यांखाली, मानेवर जोर दिला, तिथे हिरवा वर आला. इतका पातळ थर ब्रशने मला जन्मात जमला नसता.

आई जवळ येऊन बघत राहिली. "आता माणूस वाटते," म्हणाली.

पास झाले. सर म्हणाले, "मान चांगली जमलीये." कशी जमली ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता डोंबिवलीत माझा पोर्ट्रेटचा स्टुडिओ आहे. लग्नाच्या वाढदिवसाची ऑर्डर आली की नवरे हळूच सांगतात, "मॅडम, मिसेसना जरा उजळ करा हां."

मी हो म्हणते. पुसायचं फडकं हाताशीच असतं.